साउंड मोड आणि रूम करेक्शन : रिसीव्हरमध्ये नेमके काय पारखावे

होम थिएटर रिसीव्हर निवडताना बहुतेक जण वॉट, चॅनेल आणि एचडीएमआय पोर्ट मोजतात, साउंड मोडची लांबलचक यादी पाहून खूश होतात आणि रूम करेक्शनकडे माइक लावून एकदाचे उरकून टाकायचे काम म्हणून पाहतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. एखादा रिसीव्हर आपल्या घरात वर्षानुवर्षे कसा वाजेल, हे ठरते ते खोली मोजण्याच्या आणि त्या मोजमापाचा नीट उपयोग करण्याच्या त्याच्या कुवतीवर. साउंड मोडचे म्हणाल, तर यादी कितीही मोठी असली तरी रोजच्या ऐकण्याला दोन-तीनच लागतात. ऑडिसी, डिराक लाइव्ह, यामाहाची वायपाओ आणि अँथेमची एआरसी या चार रूम करेक्शन प्रणालींचे हे परीक्षण त्याच दृष्टीने केले आहे. मात्र त्याआधी मोडचा विषय संपवणे सोयीचे, कारण या दोन गोष्टींची गल्लत फार होते. कोणत्या स्पीकरने काय वाजवायचे हे मोड ठरवतो. त्या स्पीकरचा आवाज खोलीतून कानापर्यंत पोहोचताना जे बिघडते, ते सावरण्याचा प्रयत्न रूम करेक्शन करते.

मोड निवडण्यापूर्वी रिसीव्हरच्या पडद्यावरील माहितीचे पान उघडून आत येणारा सिग्नल कोणता आहे ते पाहावे. तिथे डॉल्बी ॲटमॉस (वरच्या स्पीकरांनाही आवाज देणारा प्रकार), डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस किंवा पीसीएम (आधीच उलगडलेला डिजिटल ध्वनी) यांपैकी एक नाव दिसते आणि सोबत चॅनेलची संख्या. ॲटमॉसचा चित्रपट लावला आहे आणि त्या पानावर मात्र दोन चॅनेलचा पीसीएम दिसतो आहे, असे आढळले तर दोष रिसीव्हरच्या मोडमध्ये शोधून उपयोग नाही. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर राहिलेले असते, ते पासथ्रू किंवा बिटस्ट्रीमवर, म्हणजे सिग्नल न बदलता पुढे पाठवण्यावर, न्यावे लागते. साध्या एआरसी जोडणीतून, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीतून, डॉल्बी डिजिटल प्लसमधला ॲटमॉस जाऊ शकतो. ब्लू-रेवरील ट्रूएचडी, म्हणजे डॉल्बीचा गुणवत्ता न घटवलेला ध्वनी, टीव्हीमार्गे रिसीव्हरला द्यायचा असेल तर मात्र दोन्ही बाजूंना ईएआरसी ही तिची अधिक क्षमतेची आवृत्ती लागते. (टीव्हीच्या जोडणीची एआरसी आणि अँथेमची एआरसी यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.) हे पान न पाहता मोड बदलत बसणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण मोडची यादीच मुळात आत येणाऱ्या सिग्नलनुसार बदलते.

सिग्नल बहुचॅनेल असेल तर तो आहे तसाच उलगडू द्यावा, हा माझा पहिला नियम. यामाहाच्या रिसीव्हरवर त्यासाठी स्ट्रेट हे बटण आहे. डेनॉन आणि मरांट्झवर सिग्नलच्याच नावाचा मोड निवडता येतो. खरा प्रश्न येतो तो दोन चॅनेलचा सिग्नल अनेक स्पीकरवर वाजवायचा असतो तेव्हा. हे काम करणाऱ्या अपमिक्सरची परंपरा जुनी आहे. डॉल्बी प्रोलॉजिक 1987 मध्ये आले, 2000 च्या सुमारास प्रोलॉजिक दोनने त्यात मोठी सुधारणा केली आणि 2014 मध्ये ॲटमॉस घरगुती रिसीव्हरमध्ये आले तेव्हा त्यासोबत आलेल्या डॉल्बी सराउंडने त्यांची जागा घेतली. डीटीएसचा त्याच पिढीतील अपमिक्सर म्हणजे न्यूरल एक्स.

या दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि एकच प्रसंग दोन्हींवर लागोपाठ ऐकला की तो लगेच कळतो. डॉल्बी सराउंड संयमी आहे. संवाद तो सेंटर स्पीकरमध्ये घट्ट धरून ठेवतो आणि दोन्ही चॅनेलमध्ये विखुरलेला भोवतालचा आवाज, म्हणजे पाऊस, गर्दीची कुजबुज, सभागृहातील निनाद, मागच्या आणि वरच्या स्पीकरांकडे सरकवतो. न्यूरल एक्स अधिक धीट आहे. वरच्या स्पीकरांना तो सढळ हाताने आवाज देतो आणि त्यामुळे हेलिकॉप्टर किंवा वादळाच्या प्रसंगात खोली खरोखर भरून जाते. परंतु कधीकधी पार्श्वसंगीतातील एखादे वाद्यही डोक्यावर जाऊन बसते आणि ते खटकते. चित्रपट आणि मालिकांसाठी मी डॉल्बी सराउंड कायम ठेवतो. खेळांच्या थेट प्रक्षेपणाला आणि व्हिडिओ गेमला न्यूरल एक्स अधिक शोभतो.

संगीताच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : स्टीरिओत ध्वनिमुद्रित झालेले संगीत स्टीरिओतच ऐकावे. एकट्या गायकाचे चांगले ध्वनिमुद्रण घ्या. स्टीरिओ मोडमध्ये दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, थोडा मागे, गायक उभा असल्याचा भास होतो आणि साथीची वाद्ये त्याच्या दोन्ही बाजूंना पसरतात. डॉल्बी सराउंड लावताच तोच आवाज टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरच्या पेटीत शिरतो. डॉल्बीने यासाठी सेंटर स्प्रेड नावाची सोय दिली आहे. ती चालू केली की मधला आवाज डाव्या-उजव्या स्पीकरांतही वाटला जातो आणि ऐकणे बरेच सुसह्य होते. ऑल चॅनेल स्टीरिओ हा मोड सर्व स्पीकरांवर तेच वाजवतो. घरात पाहुणे असताना सगळीकडे सारखा आवाज पोहोचवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. सभागृह, चर्च, जॅझ क्लब अशा नावांचे मोड मूळ ध्वनीवर कृत्रिम निनाद चढवतात. यामाहाने 1986 मध्ये डीएसपी-1 हे यंत्र आणून या प्रकाराचा पाया घातला आणि आजवर त्यावर सर्वाधिक मेहनतही त्यांनीच घेतली आहे. तरीही ज्या ध्वनिमुद्रणात मूळ सभागृहाचा निनाद आधीच आहे, त्यावर दुसऱ्या सभागृहाचा निनाद घालण्याचे प्रयोजन मला पटत नाही.

डायरेक्ट आणि प्युअर डायरेक्ट या नावांभोवती मोठे वलय आहे. मधली प्रक्रिया कमी म्हणजे आवाज अधिक शुद्ध, हा युक्तिवाद वरवर पटतोही. प्रत्यक्षात बहुतेक रिसीव्हरमध्ये हे मोड रूम करेक्शन बंद करतात आणि काहींमध्ये सबवूफरकडे खर्ज पाठवण्याची व्यवस्थाही बदलते. म्हणजे ज्या खोलीला दुरुस्तीची सर्वाधिक गरज आहे, तिथेच दुरुस्ती काढून घेतली जाते. आपल्या रिसीव्हरमध्ये या मोडमुळे नेमके काय बंद होते, हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याखेरीज त्यांच्याबद्दल मत बनवू नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे खोली. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच अशी खोली धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागले की 34 हर्ट्झ येतात, रुंदीच्या दुपटीने भागले की 43 आणि उंचीच्या दुपटीने 57. या वारंवारतांना समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्यांच्या पटीतल्या वारंवारतांनाही तेच होते. भिंतीलगत हे स्वर फुगतात, तर खोलीच्या बरोबर मध्यावर पहिला तरंग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच सोफा भिंतीला टेकलेला असेल तर स्फोटाचा दणका सगळे संवाद गिळून टाकतो आणि सोफा खोलीच्या मधोमध असेल तर तोच दणका पोकळ वाटतो. स्पीकर महागडे घेतले म्हणून यात काहीच फरक पडत नाही.

हा प्रकार कोणत्या वारंवारतेपर्यंत चालतो, याचा अंदाज ध्वनिशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून येतो. खोलीचा निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर निनाद विरायला लागणारा वेळ, सेकंदांत घ्यावा, त्याला खोलीच्या घनमीटरमधील आकारमानाने भागावे, वर्गमूळ काढावे आणि 2000 ने गुणावे. आपल्या 60 घनमीटरच्या खोलीचा निनादकाल अर्धा सेकंद असेल तर उत्तर साधारण 180 हर्ट्झ येते. या सीमेखाली खोलीचे राज्य असते आणि तिच्या वर हळूहळू स्पीकरचा स्वतःचा स्वभाव वरचढ होत जातो. घरगुती खोल्यांसाठी ही सीमा 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास धरण्याचा प्रघात आहे. रूम करेक्शनचे मूल्यमापन करताना हीच सीमा डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तिच्याखाली चांगली प्रणाली जे करते ते दुसऱ्या कुठल्याही खर्चाने सहज साधत नाही. तिच्या वर, चांगल्या स्पीकरच्या बाबतीत, ती प्रणाली अनेकदा न मागितलेला हस्तक्षेप करते.

दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. फुगलेला स्वर खाली आणता येतो, पण परावर्तित तरंगाने मूळ तरंग खोडल्यामुळे पडलेला खड्डा भरता येत नाही. त्या जागी जितका आवाज ओतावा, तितकाच तो पुन्हा खोडला जातो. शिवाय 3 डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते आणि 10 डेसिबलला दहापट. असा खड्डा दिसला तर सोफा किंवा सबवूफर थोडा हलवून पाहावा. तीस-चाळीस सेंटिमीटरच्या सरकण्याने कधीकधी जे साधते, ते कोणत्याही फिल्टरला साधत नाही.

मोजमाप घेतानाचा निष्काळजीपणा पुढच्या सगळ्या निष्कर्षांना भोवतो. माइक तिवईवर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर आणि छताकडे तोंड करून ठेवावा. डेनॉन आणि मरांट्झच्या अनेक मॉडेलांसोबत पुठ्ठ्याची उभी करायची तिवई येते. कॅमेऱ्याची तिवई असेल तर ती त्याहून बरी. माइक हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीला खेटून ठेवू नये, कारण गादीवरून होणारे परावर्तन थेट मोजमापात शिरते. पंखा आणि वातानुकूलन बंद करावे. पहिली जागा मुख्य बैठकीची, कारण स्पीकरांची अंतरे आणि पातळ्या बहुतेक प्रणाली तिथूनच ठरवतात. उरलेल्या जागा तिच्याभोवती अर्ध्या-पाऊण मीटरच्या परिघात घ्याव्यात. सगळ्या खोलीला न्याय द्यायचा म्हणून माइक दारापर्यंत फिरवला, तर सरासरी अशी निघते की ती कोणाच्याच कानांना लागू पडत नाही.

ऑडिसीचा उगम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधनात आहे आणि तिच्या संस्थापकांमध्ये टीएचएक्स या चित्रपट-ध्वनीच्या दर्जामानकाचे जनक टॉम होल्मन यांचा समावेश होता. डेनॉन आणि मरांट्झच्या वरच्या श्रेणीत मिळणारी मल्टइक्यू एक्सटी32 ही तिची घेण्याजोगी आवृत्ती. खालच्या श्रेणीतील साध्या मल्टइक्यूमध्ये फिल्टरांची बारकाई कमी असते आणि ती उणीव खर्जातच जाणवते. एक्सटी32 आठ जागी मोजते आणि सबवूफर सुरेख वठणीवर आणते. तिच्या मूळ मांडणीत मात्र 2 किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम ठेवलेली एक घळ आहे. काही स्पीकरांमध्ये त्या पट्ट्यात आवाजाचे काम एका ड्रायव्हरकडून (स्पीकरच्या पेटीतील ध्वनी निर्माण करणाऱ्या भागाकडून) दुसऱ्याकडे जाते, त्याची कर्कशता लपवणे हा तिचा हेतू. परंतु मानवी आवाजाची स्पष्टता त्याच पट्ट्यात असते आणि नीट रचलेल्या स्पीकरवर ही घळ शब्दांची धार बोथट करते. मल्टइक्यू एडिटर हे सशुल्क ॲप घेतले तर ती बंद करता येते आणि प्रत्येक स्पीकरची दुरुस्ती कोणत्या वारंवारतेवर थांबवायची तेही ठरवता येते. ऑडिसीवाला रिसीव्हर घेणाऱ्याने हे ॲप खरेदीचाच भाग समजावे. ॲपविना ऑडिसी आणि ॲपसह ऑडिसी यांत मला जाणवलेला फरक दोन मॉडेलांच्या फरकाहून मोठा आहे.

डिराक लाइव्ह ही स्वीडनमधील कंपनीची प्रणाली. एनएडी, आर्कम, ओन्क्यो आणि पायोनियरच्या अनेक रिसीव्हरमध्ये ती येते आणि 2023 पासून डेनॉन-मरांट्झच्या निवडक मॉडेलांवर वेगळा परवाना घेऊन बसवता येते. वारंवारतेच्या आलेखाबरोबर ती आवेग प्रतिसादही सुधारते, म्हणजे स्पीकरमधून निघालेला झटका कानापर्यंत वेळेच्या दृष्टीने किती आखीव पोहोचतो याकडे लक्ष देते. परिणाम ऐकू येतो तो तालवाद्यांच्या आघातात आणि स्टीरिओतील गायकाच्या जागेत. भासमान प्रतिमा अधिक नेमकी, अधिक स्थिर होते. संगणकाच्या पडद्यावर लक्ष्यरेषा, म्हणजे दुरुस्तीनंतर हवा असलेला आलेख, बोटाने किंवा माउसने ओढून आपल्याला हवी तशी ठेवता येते आणि आलेखाच्या दोन्ही कडांचे पडदे सरकवून दुरुस्तीची हद्द ठरवता येते. सोफ्यासाठी तेरा किंवा सतरा जागी मोजायला ती सांगते आणि ते कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. काही रिसीव्हरांसोबत 500 हर्ट्झपर्यंतच दुरुस्ती करणारी मर्यादित आवृत्ती मिळते. श्रोडर सीमेचा विचार केला तर चांगल्या स्पीकरच्या मालकाला ती बहुतांशी पुरेशी आहे. एकाहून अधिक सबवूफर असतील तर मात्र तिच्या बास कंट्रोल या वेगळ्या सोयीचा परवाना घ्यावा, कारण सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्या सांध्यावरचा काळजीपूर्वक ताळमेळ हेच डिराकचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

वायपाओच्या नावातच पॅरामेट्रिक (प्रत्येक दुरुस्तीची वारंवारता, रुंदी आणि पातळी स्वतंत्रपणे ठरवणारा) हा शब्द आहे आणि तिची ताकद त्यात आहे. आपोआप निघालेली दुरुस्ती मॅन्युअल इक्वलायझरमध्ये नक्कल करून हाताने बदलता येते. फ्लॅट, फ्रंट आणि नॅचरल अशा तीन वक्रांपैकी फ्रंट हा बाकीच्या स्पीकरांना पुढच्या दोघांच्या स्वराशी जुळवतो. ज्यांनी आपले मुख्य स्पीकर आवडीने निवडले आहेत, त्यांनी तोच घ्यावा. खर्जातील बारीक, अरुंद फुगवटे मात्र ती एक्सटी32 किंवा डिराकइतक्या सफाईने मोडत नाही.

अँथेमच्या एआरसीचा विवेक मला सर्वाधिक भावतो. ती मूळ मांडणीतच दुरुस्ती 5 किलोहर्ट्झला थांबवते, ती हद्द आणखी खाली आणू देते आणि खोलीमुळे खर्जाला मिळणारी नैसर्गिक उभारी पूर्ण सपाट न करता राखते. माणसाला घरात ऐकायची सवय असलेला आवाज थोडा खर्जाकडे झुकलेला असतो, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले आहे. शिकायला ती डिराकहून सोपीही आहे. ट्रिनॉव्हचा ऑप्टिमायझर चार माइकांच्या साहाय्याने स्पीकरचा कोन आणि उंचीसुद्धा ओळखतो, पण ती वेगळ्याच वर्गातली यंत्रे झाली.

कोणतीही प्रणाली घेतली तरी मोजमापानंतर काही आकडे स्वतः तपासावेच लागतात. सबवूफर असूनही रिसीव्हर मुख्य स्पीकरांना लार्ज, म्हणजे सगळा खर्ज स्वतः वाजवणारे, ठरवतो, हे वारंवार घडते. त्यांना स्मॉल करून क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झला ठेवावा, म्हणजे खर्जाचे ओझे सबवूफर उचलतो आणि त्याची दुरुस्तीही उत्तम होते. रिसीव्हरने 60 सांगितले असेल तर 80 करावे. त्याने 110 सांगितले असेल तर मात्र खाली ओढू नये, कारण त्या जागी तो स्पीकर खरोखर तितकाच उतरतो असे मोजमाप म्हणते. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षाहून बरेच जास्त दिसले तर ते चुकीचे समजून बदलू नये. सबवूफरमधील इलेक्ट्रॉनिक्स सिग्नलला काही मिलिसेकंद उशीर लावते आणि प्रत्येक मिलिसेकंद म्हणजे सुमारे 34 सेंटिमीटर. रिसीव्हरने तो उशीरच अंतराच्या रूपात नोंदवलेला असतो.

दुरुस्ती चालू-बंद करून तुलना करताना पातळी सारखी करूनच ऐकावे, कारण फुगवटे कापल्यावर एकूण आवाज कमी भासतो आणि जो जास्त मोठा तोच कानाला बरा वाटतो. पहिल्या दिवशी खर्ज हरवला असे बहुतेकांना वाटते. काही दिवस तसेच ऐकावे. तरीही कमी वाटला तर सबवूफरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. एका स्वराचा फुगवटा आणि सगळ्याच खर्जाची उभारी यांतला फरक तेव्हा फार स्पष्ट होतो : पूर्वी बास गिटारचे सगळे स्वर एकाच सुरात घुमत असत, आता ते एकामागून एक वेगळे उमटतात.

शेवटी कमी आवाजात ऐकण्याचा प्रश्न उरतो. चित्रपटाच्या मिश्रणाची संदर्भ पातळी अशी असते की प्रत्येक मुख्य चॅनेलची शिखरे 105 डेसिबलला आणि खर्जाच्या स्वतंत्र चॅनेलची 115 डेसिबलला जातात. नीट मोजलेल्या रिसीव्हरवर व्हॉल्यूमचा 0 म्हणजे हीच पातळी. घरात आपण उणे 20 किंवा त्याखालीच ऐकतो आणि तिथे कानाची खर्जाबद्दलची संवेदना मधल्या पट्ट्याच्या तुलनेत झपाट्याने घटते. ऑडिसीचा डायनॅमिक इक्यू आणि यामाहाचा वायपाओ व्हॉल्यूम ही तूट पातळीनुसार भरून काढतात आणि चित्रपटासाठी दोन्ही मला आवडतात. डायनॅमिक इक्यू मागच्या स्पीकरांची पातळीही वाढवतो, हे लक्षात ठेवून त्यांना गरजेनुसार एक-दोन डेसिबल खाली आणावे. संगीत या संदर्भ पातळीवर मिसळलेले नसते, म्हणून संगीताच्या इनपुटला रेफरन्स लेव्हल ऑफसेट (डायनॅमिक इक्यूची भर कमी करणारी सेटिंग) 10 किंवा 15 डेसिबल ठेवावा, नाहीतर खर्ज जाड होतो. ध्वनीची चढउतार दाबणारी डायनॅमिक रेंज कंट्रोलची सेटिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे. ट्रूएचडीसाठी ती पुष्कळदा ऑटोवर असते आणि चित्रपटाच्या सिग्नलमधील खुणेनुसार वापरणाऱ्याच्या नकळत चालू होते. रात्री घरातले झोपले असताना ती हेतूने लावावी. एरवी बंद ठेवावी आणि रिसीव्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ती बंदच आहे ना, हे पुन्हा पाहावे.